काच आतून धूसर होते की बाहेरून? पावसात दुचाकीवर नीट दिसण्याविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दर शनिवारी संध्याकाळी तुम्ही माणगावहून ताम्हिणीमार्गे दुचाकीने पुण्याला येता. डोळ्यांना चष्मा आहे. पावसाळा लागला की घाटात हेल्मेटची काच बंद केली तर वाफ धरते आणि उघडली तर पाऊस डोळ्यांत जातो. दुकानातला एक फवारा काचेवर मारून पाहिला, फरक पडला नाही. आता महागडं हेल्मेट घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून २३ पावसाळे याच रस्त्यांवर काढले आहेत. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, महाड, पोलादपूर आणि पुढे खेडपर्यंत माझा भाग होता. चष्मा दहावीपासून आहे. आता कंपनीत नव्याने लागलेल्या मुलांना पहिल्या पावसाळ्याआधी दोन दिवस सोबत नेऊन गाडी चालवायला लावणं हे माझ्याकडे असतं. त्यामुळे तुमचा हा प्रश्न मला दर जूनमध्ये कुणी ना कुणी विचारतंच.

हेल्मेटचं नंतर बोलू. आधी एक फुकटची गोष्ट करा. पुढच्या वेळी दिसेनासं झालं की गाडी रस्त्याबाहेर नीट उभी करा. हेल्मेट डोक्यावरच राहू द्या, काच थोडी उचला आणि आतल्या बाजूने एक बोट फिरवा. बोटामागे स्वच्छ पट्टा उमटला तर त्रास आतल्या वाफेचा आहे. नाही उमटला तर बाहेरून बोट फिरवा. पट्टा स्वच्छ झाला आणि लगेच थेंबांनी भरला तर ते पावसाचं पाणी. पट्ट्याऐवजी तेलकट फराटा उमटला तर पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल आणि डिझेलचा चिकटा. दोन्हीकडून फरक पडला नाही तर चष्मा काढून बघा. तोही स्वच्छ असेल तर काचेवर ओरखडे पडलेत, आणि त्यावर कुठलाही फवारा चालत नाही.

हे इतकं तपशिलात सांगतोय कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी चुकीच्या बाजूवर उपाय केलेला असतो. तुमच्या डोळ्यांपुढे एक काच नाही, चार पृष्ठभाग आहेत: चष्म्याचे दोन आणि हेल्मेटच्या काचेचे दोन. प्रत्येकावर पाणी बसतं, पण ते वेगवेगळ्या वाटांनी येतं आणि जायलाही त्याला वेगळी वाट लागते.

अळवाचं पान आठवा. त्यावर पाणी टिकत नाही, गोळी होऊन घरंगळतं. काचेची बाहेरची बाजू अशी हवी, म्हणजे वारा थेंबांना ढकलून देतो. आता शाळेतली दगडी पाटी आठवा. ओल्या फडक्याने पुसली की पाणी तिच्यावर एकसारखं पसरतं, थेंब दिसत नाहीत. आतली बाजू अशी हवी. आत वारा नसतो, त्यामुळे तिथे थेंब झाले तर ते कुठेच जात नाहीत. वाफ धरते म्हणजे लाखो बारीक थेंबच बसतात, आणि प्रत्येक थेंब प्रकाश आपापल्या दिशेला फेकतो. तेच पाणी पातळ पापुद्र्यासारखं पसरलं तर त्यातून आरपार दिसतं. म्हणून पाणी पळवून लावणारं औषध बाहेर आणि पाणी पसरवणारं आत. तुम्ही आणलेला फवारा कोणत्या जातीचा आहे ते बाटलीवर बघा. पाऊस घरंगळून जाण्यासाठीचा असेल आणि तुम्ही तो आतून मारला असेल तर तुमचा त्रास वाढलेलाच असणार.

हे मी अंगावर काढून शिकलो. तिसऱ्या की चौथ्या पावसाळ्यात एका मित्राच्या गाडीचं पॉलिश मिळालं. बाहेरून लावलं, पाणी मोत्यांसारखं पळायला लागलं. इतकं छान वाटलं की दुसऱ्या दिवशी आतूनही लावलं. त्या संध्याकाळी महाडहून खेडला जाताना कशेडी घाट चढायला लागलो आणि काच आतून टपोऱ्या थेंबांनी भरली. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनी प्रत्येक थेंब पेटला. वळण दिसलंच नाही. गाडी साइडपट्टीच्या खडीत गेली आणि मी पडलो. वेग कमी होता म्हणून कोपराला चार टाके आणि एक आरसा एवढ्यावर निभावलं. दरीच्या बाजूला पडलो असतो तर हे लिहायला मी नसतो.

आता आतल्या बाजूचं सविस्तर, कारण घाटातला खरा शत्रू तिथेच आहे.

आपल्या तोंडा-नाकातून बाहेर पडणारी हवा साधारण ३४-३५ अंशांची असते आणि बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. शांत बसलेला माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा बाहेर सोडतो. तासाभरात साधारण तीन चमचे पाणी वाफ होऊन तुमच्या हेल्मेटमध्ये येतं. घाट चढताना माणूस ताणलेला असतो, श्वास जोरात चालतो, मग ते आणखी वाढतं. जुलैत ताम्हिणीच्या माथ्यावर हवा २०-२२ अंशांवर येते, वरून पाऊस काचेला सतत गार करत असतो. गार काचेवर गरम वाफ गेली की ती बसणारच. त्यात चढावर वेग २०-२५ चा, म्हणजे आत वारा फिरायलाही जागा नाही. पुण्याहून खाली जाताना तुम्हाला एवढा त्रास होत नाही आणि येताना होतो, त्याचं हेच कारण असावं.

तेव्हा पहिला उपाय वाफ काचेपर्यंत पोहोचूच न देण्याचा. पुण्यात आपण सगळे नाकातोंडावर रुमाल किंवा स्कार्फ बांधतो. उन्हाळ्यात धुळीसाठी ठीक आहे, पावसात तो नाकावरून खाली घ्या. नाक झाकलं की श्वासाला वर डोळ्यांकडे जाण्यावाचून वाट राहत नाही. गळ्याभोवती असू द्या, नाक मोकळं ठेवा. नाकाने श्वास घेतला आणि सोडला तर हवा खाली छातीकडे जाते, तोंडाने सोडला तर थेट काचेवर. सवय व्हायला आठवडा लागतो, पण होते. पूर्ण चेहऱ्याच्या चांगल्या हेल्मेटमध्ये नाकावर बसणारा एक रबरी पडदा येतो. बऱ्याच जणांनी तो टोचतो म्हणून काढून कपाटात टाकलेला असतो. शोधा आणि परत लावा. हनुवटीखाली एक कापडी पडदाही येतो, तो मात्र घाटात काढून ठेवा. तो थंडीसाठी चांगला, पण आतली हवा कोंडतो.

दुसरी वाट गळ्याकडून येते, आणि ती सहसा लक्षात येत नाही. प्लास्टिकच्या रेनकोटमध्ये घाम येतो, अंगाची ऊब आणि तो दमटपणा कॉलरमधून वर चढतो आणि हेल्मेटमध्ये शिरतो. कॉलर गळ्याशी नीट बंद करा, आत एक सुती रुमाल गुंडाळा. आणि रेनकोटची टोपी हेल्मेटखाली कधीच घालू नका. ती वाफेला धुराड्यासारखी वाट करून देते, मान वळवू देत नाही, आणि हेल्मेट डोक्यावर नीट बसूही देत नाही.

मग हवा फिरवायची. हनुवटीजवळची झडप उघडी ठेवा. बहुतेक पूर्ण हेल्मेटमध्ये तिथली हवा काचेच्या आतल्या बाजूने वर चढते. पाऊस आत येईल म्हणून लोक पावसाळ्यात ती बंद करतात, आणि तिथेच चुकतात. तिच्यातून दोन थेंब आले तरी चालतील. काच एक खटका उघडी ठेवा. पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडी, असे दोनच पर्याय तुम्ही लिहिलेत, पण पहिल्या खटक्यावर फट बोटाच्या पेराएवढी असते आणि ३० च्या पुढे वेग असला की तेवढ्याने काच बऱ्यापैकी मोकळी राहते. सिग्नलला, फाटकापाशी, घाटातल्या गर्दीत थांबलात की काच पूर्ण वर. निघाल्यावर गाडीने वेग धरला की मगच खाली. थांबलेल्या गाडीवर काच बंद करून बसलात तर दोन-तीन श्वासांत सगळं संपतं.

एवढ्याने भागलं नाही तर पिनलॉक. नाव कंपनीचं आहे, पण आता वस्तूलाच ते नाव पडलंय. काचेच्या आतून बसवायची ही एक पातळ, बाष्प शोषणारी पाती असते. तिच्या कडेने सिलिकॉनची बारीक कड असते, त्यामुळे काच आणि पाती यांच्यामध्ये हवेचा थर कोंडला जातो. थर्मासच्या दोन भिंतींसारखंच हे. बाहेरची काच गार झाली तरी आतली पाती गार होत नाही. माझ्या अनुभवात वाफेवर याहून चांगला उपाय नाही. पण तो बसवायला काचेला दोन पिना लागतात, तेव्हा तुमच्या हेल्मेटला तशी काच मिळते का ते आधी दुकानात विचारा. बसवल्यावर कड चारी बाजूंनी काचेला टेकलीय का बघा. कुठे फट राहिली तर दोन थरांमध्येच पाणी जमतं, आणि ते पुसताही येत नाही. पिना थोड्या फिरवून ताण वाढवता येतो. पातीवर येणारी पारदर्शक पट्टी सोलून काढा. ती तशीच ठेवून महिनाभर तक्रार करणारे दोघे मला भेटलेत. आणि पाती कोरड्या कापडाने, कागदाने कधी पुसू नका, पटकन चरे पडतात. ओलं मऊ फडकं, बस. तिचा एक तोटाही सांगतो. रात्री समोरच्या दिव्याची पुसटशी दुसरी सावली दिसते. दोन-तीन फेऱ्यांत डोळा सरावतो. सलग काही तास मुसळधार पाऊस असला तर पाती बाष्प पिऊन पिऊन भरते आणि मग तिच्यावरही धूसरपणा येतो. घरी आल्यावर काच उघडी ठेवून तिला वाळू द्या.

पिनलॉक नसेल तर साबण. भांडी घासायच्या पातळ साबणाचा किंवा लहान बाळाच्या शाम्पूचा एक थेंब, त्यात तेवढंच पाणी. काच आतून धुवून कोरडी करा, बोटाने हा थर पातळ पसरवा, वाळू द्या, मग जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने काच पारदर्शक होईपर्यंत हलक्या हाताने पुसा. साबण दिसता कामा नये, पण धुवून टाकायचाही नाही. एका फेरीपुरता टिकतो, चांगला पाऊस असेल तर तेवढाही नाही. जास्त लावला आणि पाण्याने ओघळला तर डोळ्यांत जातो, म्हणून एकच थेंब. काही काचांना कारखान्यातूनच आत वाफरोधक थर असतो. त्यावर साबण चोळू नका, निघून जातो. बटाटा चोळायचा जुना उपाय याच तत्त्वावर चालतो, पण साबण जास्त स्वच्छ दिसू देतो. टूथपेस्ट मात्र कुणी सांगितली तरी नको. तिच्यात घासणारी पूड असते.

आता चष्मा. हा विषय मी मनापासून लिहितो, कारण बिनचष्म्याच्या माणसाला हा त्रास कळतच नाही.

चष्मा नाकावर, श्वासाच्या वाटेतच असतो, आणि त्याला पुसायला हेल्मेटमध्ये हात जात नाही. वरचे सगळे उपाय, विशेषतः नाक मोकळं ठेवणं आणि रबरी पडदा, चष्म्याला काचेपेक्षा जास्त लागू आहेत. साबणाचा थर चष्म्यालाही द्या. हेल्मेट आधी घाला, काच पूर्ण उघडा, मग चष्मा दोन्ही बाजूंनी सरकवा. सरळ आणि बारीक काड्यांची फ्रेम घ्या. वळलेल्या जाड काड्या आत जाताना काच वाकडी बसते आणि ती नीट करायला तुम्ही घाटात हात वर घेता.

चष्म्याचा एक प्रकार वाफेचा नसून उलट असतो. डॉक्टरांच्या एसी खोलीत तासभर बसून मी बाहेर पडायचो आणि माणगावच्या जुलैच्या हवेत पाय ठेवताच चष्मा दोन्ही बाजूंनी पांढरा व्हायचा. चष्मा गार, हवा गरम आणि दमट. तेव्हा घाईने पुसत राहून उपयोग नाही, पुसलं की परत येतं. पाचेक मिनिटं उभे राहा, चष्मा हवेच्या तापमानाला येऊ द्या, मग हेल्मेट घाला. घाटाच्या माथ्यावरून कोकणात उतरताना काचेच्या बाहेरच्या अंगाला असाच दव बसतो. तो बोटाने पुसला की खाली गेल्यावर परत येत नाही, त्याला घाबरू नका.

नंबर तपासून दोन वर्षं झाली असतील तर तपासा. थोडा जुना झालेला नंबर दिवसा चालून जातो, पावसाळी संध्याकाळी चालत नाही. नवा चष्मा करताना चकाकी कमी करणारा थर घ्या, समोरच्या दिव्यांचे फटकारे बरेच कमी होतात.

बाहेरच्या बाजूला फार पसारा नाही. गाडीला लावतात ते घासणारी पूड नसलेलं मेण किंवा प्लास्टिकसाठीच बनवलेलं पाणी पळवणारं द्रव, आठवड्यातून एकदा, पातळ. हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेटची असते, मोटारीच्या काचेची औषधं तिला चालतीलच असं नाही. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव, पेट्रोल, रॉकेल यांनी ती धुरकटते आणि बारीक तडे जातात. पूर्वी ट्रकवाले वायपर बंद पडला की पुढच्या काचेवर तंबाखू चोळायचे. ती खरी काच होती, प्लास्टिकवर तो प्रयोग करू नका.

थेंब पळायला वारा लागतो. ४०-५० च्या वर मान थोडी डावीकडे, मग उजवीकडे वळवली की थेंब आपोआप कडेला सरकतात. नजर रस्त्यावरच ठेवून फक्त हेल्मेट वळवायचं. त्याखालच्या वेगाला पुसावं लागतं. डाव्या हाताने पुसायचं, कारण उजवा ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकवर असतो. पावसाळी हातमोज्यांच्या डाव्या तर्जनीवर रबराची पट्टी असलेले मिळतात, ते घ्या. वरून खाली किंवा आतून बाहेर, एकाच दिशेने ओढायचं. वळणात पुसू नका. ५० च्या वेगाला एका सेकंदात गाडी १४ मीटर जाते, आणि तो सेकंद तुमचा एक हात हँडलवर नसतो.

चिखल उडाला असेल तर मात्र चालत्या गाडीवर पुसूच नका. मातीचे कण काचेवर घासले जातात आणि ओरखडे कायमचे राहतात. काच खटकाभर उचलून खालच्या फटीतून बघत थांबण्याची जागा गाठा. सीटखाली पाण्याची छोटी बाटली आणि झिपलॉक पिशवीत मऊ कापडाचा तुकडा ठेवा. आधी पाणी ओता, मग पुसा. घरी आल्यावर ओलं फडकं काचेवर दहा मिनिटं टाकून ठेवा, चिखल सुटतो, मग बोटांनी साबण लावून धुवा.

ओरखडे तपासायला रात्री अंधाऱ्या जागी मोबाइलचा दिवा दहा पावलांवर ठेवून काचेतून बघा. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखं चक्र दिसलं तर ती काच गेली. बहुतेक देशी हेल्मेटची काच गाडीच्या एका टाकीभर पेट्रोलपेक्षा स्वस्त मिळते. मी दर मे महिन्यात नवी घालतो. काळी किंवा पाऱ्यासारखी चमकणारी काच जूनमध्ये काढून टाका. युरोपच्या नियमात साध्या काचेतून किमान ८० टक्के प्रकाश आरपार जावा लागतो आणि त्याहून गडद काचेवर ‘फक्त दिवसा’ असं लिहावं लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच गडद काचा त्याहून किती तरी काळ्या असतात. घाटातल्या साडेसहाच्या उजेडात ती काच म्हणजे डोळ्यांवर पट्टी.

काच कितीही स्वच्छ असली तरी पुढच्या वाहनाच्या मागून चालताना तिचा उपयोग नाही. ट्रक आणि टँकरच्या चाकांमागे पाण्याचा जो धुरळा उठतो त्यात तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही कुणाला दिसत नाही. मागे राहायचं तर तो फवारा जिथे खाली बसतो त्याच्याही मागे राहा. ओलांडायचं तर आधी फवाऱ्याबाहेर येऊन पुढचा रस्ता दिसला तरच. घाटात मला सगळ्यात सोयीची वाटते ती एसटी. चालकाला रस्ता पाठ असतो, मागचे लाल दिवे उंचावर असतात, आणि ती ज्या बाजूला सरकते तिथे खड्डा किंवा वाहतं पाणी आहे हे आपल्याला आधी कळतं. ४०-५० मीटर अंतर ठेवून तिच्या मागे राहायचं. ती कुणाला ओलांडायला गेली की तिचा पाठलाग मात्र सोडायचा.

समोरून अप्पर मारत येणाऱ्या गाड्यांचं आपल्या हातात फार नाही. दिव्याकडे बघू नका, रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवा आणि वेग कमी करा. डोळे दिपल्यावर ते सावरायला काही सेकंद लागतात, त्या काळात गाडी तुमच्या आठवणीवर चालत असते. धुक्यात आपला दिवा डिपरवर ठेवा, अप्परचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. चारी इंडिकेटर एकदम लावून चालवू नका, वळायचंय की नाही हे मागच्याला कळत नाही. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना बंदच होत नाही, त्यामुळे तो चालू आहे एवढं बघून आपण निश्चिंत राहतो. त्याच्यावर किती चिखल बसलाय ते चहाला थांबाल तेव्हा बघा. आरशांनाही पाणी पळवणारं द्रव लावा. ते खऱ्या काचेचे असतात, त्यांना मोटारीचं चालतं.

वेगाचा हिशेब असा. ६० च्या वेगाला सेकंदाला साधारण १७ मीटर. काही आडवं दिसलं, मेंदूला कळलं आणि ब्रेक दाबला गेला यात दीड सेकंद धरलं तर २५ मीटर गेले. ओल्या रस्त्यावर सावधपणे ब्रेक लावून थांबायला आणखी ३५ मीटर धरा. एकूण ६०. ४० च्या वेगाला हाच हिशेब ३२-३३ मीटरवर येतो. म्हणजे ४० मीटरच दिसत असेल तर ६० ने चालवणं म्हणजे न दिसणाऱ्या दरडीवर जाऊन थांबणं.

मीटर कुणाला डोळ्यांनी मोजता येत नाहीत, म्हणून मी मुलांना मोजायला शिकवतो. जिथवर स्पष्ट दिसतंय तिथली एक खूण पकडा, कठड्याचा पांढरा दगड, झाड, काहीही. ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणत तिथे पोहोचेपर्यंत मोजा. चारच्या आत पोहोचलात तर वेग जास्त आहे. कमी करा आणि परत मोजा. वळणावर ही खूण वळणाच्या टोकाशीच असते, त्यामुळे वेग आपोआप उतरतो. ताम्हिणीत शनिवार-रविवारी धबधब्यांपाशी रस्त्यातच उभ्या केलेल्या गाड्या आणि सेल्फी घेणारी माणसं वळणाच्या पलीकडे असतात, तिथे ही मोजणी मला कितीदा कामी आलीय.

हेल्मेटविषयी. तुमचं सध्याचं पूर्ण चेहऱ्याचं, आयएसआय खुणेचं आणि डोक्याला घट्ट बसणारं असेल तर नवं घ्यायची गरज नाही. नवी स्वच्छ काच, जमल्यास पिनलॉक, आणि नाकावरचा पडदा एवढं त्यालाच करा. काचेच्या वरच्या कडेचं रबर मात्र बघा. ते सुकून चिरलं असेल तर पाणी कपाळाच्या बाजूने आत ओघळतं आणि तुम्ही त्याला वाफ समजता. तुमचं अर्ध्या चेहऱ्याचं असेल तर बदला. त्यात वाफ कमी धरते हे खरं, पण खालून उडणारे शिंतोडे चष्म्याच्या आतल्या बाजूला बसतात, आणि पडल्यावर हनुवटीला काहीच आधार नसतो. घेताना चष्मा घालून, दुकानात पाच मिनिटं काच बंद करून बसा. दुकानदार घाई करेल, तरी बसा. आणि हेल्मेट पावसात कधी उलटं ठेवू नका, आरशावर अडकवू नका. अस्तर भिजलं की दुसऱ्या दिवशी ते दिवसभर वाफ सोडत राहतं. रात्री गालाच्या गाद्या काढून पंख्याखाली ठेवा.

शेवटचं तुमच्या वेळेबद्दल. जुलैत पुण्याचा सूर्यास्त सव्वासातच्या आसपास असतो, पण ढगात बुडालेल्या घाटात साडेसहालाच अंधारतं. माणगावहून साडेपाचला निघालात तर सगळ्यात वाईट उजेडात सगळ्यात वाईट रस्ता तुमच्या वाट्याला येतो. चारला निघा, पौडपर्यंत दिवस राहतो. ते जमत नसेल तर निजामपूर सोडल्यावर मोजणी सुरू करा. विळ्याच्या फाट्यापर्यंत ३० च्या वेगालाही चार मोजून होत नसतील तर वर घाटात परिस्थिती याहून बरी नसते. अशा संध्याकाळी मी विळ्याला चहाच्या टपरीवर थांबतो, पाऊस ओसरायची तासभर वाट बघतो, आणि ओसरला नाही तर घरी फोन करून माणगावला परत फिरतो. गेल्या पावसाळ्यात असं तीनदा झालं.